पळसाच्या पानांचा काका

रघूच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या पानावर दोन खोट्या गोष्टी छापल्या आहेत. टी. नगरच्या कल्याणमंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, सगळे गणगोत जमलेले असताना मी उभा राहून तसे स्पष्ट म्हणालो, तेव्हा कोणीतरी मला हाताला धरून खाली बसवले आणि कोणीतरी ताक आणून दिले. माणूस सत्तरीला टेकला की त्याच्या हरकतीला उत्तर देण्याऐवजी त्याला ताक देतात. मी ते प्यालो नाही. रघू हा माझ्या दिवंगत थोरल्या भावाचा मुलगा. गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे, आणि आपल्या सगळ्या सुट्ट्या त्याने घराण्याच्या शोधात घालवल्या आहेत: तंजावरला जाऊन मोडी कागदांच्या प्रती आणल्या, श्राद्धाच्या जुन्या याद्या उतरवून घेतल्या, परदेशातल्या भावंडांना ईमेल धाडले, आणि संगणकावर नऊ पिढ्यांचा वृक्ष काढला. त्याच्या कष्टांविषयी मला आदर आहे. मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर दक्षिणेत आलेला सरदार होता असे त्याने लिहिले, तेही मी सोडून दिले. तंजावरकडच्या प्रत्येक घराला आपला मूळपुरुष घोड्यावर बसलेलाच हवा असतो. आमचा कोठीवर धान्य मापणारा कारकून होता. परंतु एकोणिसावे पान मी सोडणार नाही, कारण त्या पानावरच्या माणसाशी माझी दोनदा गाठ पडली आहे. एकदा मी त्याला जाळले, आणि एकदा त्याने माझ्याकडे पाणी मागितले.

ते पान असे म्हणते: ‘गोविंदराव. नोकरीनिमित्त रंगूनला, तेथेच निधन. संतान नाही. पत्नी अंबुजाबाई यांना पक्ष्यांचा फार लळा. परसदारी पक्ष्यांसाठी त्या अखेरपर्यंत रोज पाण्याचा लोटा भरून ठेवीत.’ माझी मोठी बहीण कमळाक्का बेंगळुरूहून फोनवर सगळ्यांना इतिहास पुरवते. तिचे म्हणणे असे की सेतूला, म्हणजे मला, त्या दिवशी ताप होता, आणि तापात त्याला काहीबाही दिसले. ताप नंतर आला. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो मी सांगतो तसाच आहे, कारण ताप मला आला होता, कमळाक्काला नव्हे.

आम्ही तेव्हा मैलापुरात, तळ्यामागच्या एका गल्लीत भाड्याने राहत होतो. ते घर आता नाही. त्या जागी सदनिका आहेत. घर लांबच लांब होते: रस्त्याला लागून ओटा, मग एकामागे एक तीन खोल्या, मग स्वयंपाकघर, मग विहीर आणि न्हाणी, आणि शेवटी मागचे दार, ज्याच्या पलीकडे झाडूवाल्यांच्या येण्याजाण्याची अरुंद बोळ होती. पहाटे विहिरीचा रहाट कुरकुरू लागला की देवळातले नागस्वरम् सुरू होई, आणि त्या दोहोंच्या मध्ये अंबुकाकूच्या खवणीचा आवाज येई. गोविंदकाका अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. लग्नानंतर वर्षभरात ते रंगूनला एका लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून गेले. काही पत्रे आली, मग युद्ध आले, मग काहीच आले नाही. अंबुकाकू आमच्याकडेच राहिली, कुंकू लावीत राहिली, आणि स्वयंपाक तिने आपल्या ताब्यात घेतला. तिचे आंबट वरण, तिचे डांगर, ओले खोबरे पेरलेली तिची केळफुलाची भाजी यांच्या तोडीचे मी पुढे कोठेही खाल्ले नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की तिची खवणी थांबे. तो आमचे घर ओलांडून गेला की पुन्हा सुरू होई. हे थांबणे घरात सगळ्यांना ऐकू येई आणि त्याबद्दल कोणी बोलत नसे.

बारा वर्षे ज्याची वार्ता नाही तो गेला असे धरावे, आणि देह नसल्यामुळे पळसाच्या पानांचा देह करून जाळावा, असे शास्त्र आहे. अण्णा बंदरावरच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. मुदत पुरी झाल्यावर कागद पुढे न सरकवणे त्यांना सहन होत नसे. बारावे वर्ष भरताच त्यांनी वाद्यारांना, म्हणजे आमच्या भटजींना, बोलावले. मोठ्या भावाने धाकट्याची क्रिया करू नये. काकांना मूल नव्हते. माझा थोरला भाऊ तिरुचीला परीक्षेला बसला होता. उरलो मी, दहा वर्षांचा, मुंज झालेला. काकूने आपल्या हाताने माझ्या हातात दर्भ दिला, कारण पत्नीने तसा अधिकार द्यावा लागतो. त्या क्षणी तिच्या कपाळावर कुंकू होते. स्मशानातून आम्ही परत आलो तेव्हा नव्हते. अण्णांच्या पुरोगामी विचारांमुळे तिचे केशवपन झाले नाही, असे रघूने लिहिले आहे. ही तिसरी खोटी गोष्ट, पण ती विसाव्या पानावर आहे. न्हावी ओट्यावर येऊन बसला होता. काकू आतून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘जाळलात तो नारळ. शेंडी काढायची तर त्याची काढा.’ न्हावी धोकटी उचलून निघून गेला.

नारळाचा उल्लेख तिने केला तो उगाच नव्हे. तीनशे साठ पळसाची पाने वाद्यारांनी माणसाच्या आकारात मांडली होती, हात, पाय, छाती, आणि डोक्याच्या जागी एक नारळ ठेवला होता. पानांच्या त्या काकाला मी अग्नी दिला. पाने भरभर जळली. नारळ मात्र बराच वेळ नुसता काळा होत राहिला, आणि मग एकदम मोठा आवाज करून फुटला. वाद्यारांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. ‘झालं. आता घरी. मागं बघायचं नाही.’ स्मशानातून निघताना मागे वळून पाहू नये. पाहिले तर गेलेला माणूस पाठीमागे येतो, हे मला आधीच चार जणांनी बजावले होते. मी मागे पाहिले. का पाहिले ते आजही सांगता येत नाही. ज्याला दहा वर्षांच्या पोराचे मन कळते असे वाटते त्याने सांगावे. नारळाचा अर्धा भाग धुरात उताणा पडला होता आणि त्यातून पाणी गळत होते. त्यानंतर वर्षभर मी खोबरे खाल्ले नाही. तंजावरी घरात खोबरे न खाणे म्हणजे उपाशीच राहणे. अम्मा चिडे, कमळाक्का चिडवी. काकू मात्र काही न विचारता माझी भाजी आधी वेगळी काढून मग खोबरे घाली. विहिरीवर पाणी शेंदताना, शाळेतून येताना, देवळाच्या गर्दीत, मला सतत वाटे की आपल्या मागे कोणीतरी आहे आणि त्याला पोहोचायला फक्त थोडा उशीर होतो आहे.

ज्या तिथीला जाळले तीच काकांची तिथी ठरली. वर्षश्राद्धाचा कर्ताही मीच. त्या दिवशी घरात मिरी आणि जिऱ्याचा वास भरला होता, कारण श्राद्धाला मिरची चालत नाही. कच्ची केळी, कारली, उडदाचे वडे, तिळाचे लाडू झाले होते. ब्राह्मण जेवून उठले, मी पिंड दिले, आणि कावळ्यासाठीचा पिंड केळीच्या पानावर घेऊन मागच्या दाराने बोळीत गेलो. मैलापुरात कावळ्यांची कधी वाण नसते, पण त्या दुपारी एकही नव्हता. पान दगडावर ठेवून मी ‘का, का’ करीत उभा राहिलो. तेव्हा बोळीच्या टोकाकडून एक माणूस चालत आला. खाकी विजार, बाहेर सोडलेला सदरा, काखेत छत्री. जवळ आला तेव्हा दिसले की त्याचा उजवा कान जवळजवळ नाही, आणि गालापासून मानेपर्यंतची कातडी विस्तवावर भाजलेल्या वांग्यासारखी गोळा झालेली आहे.

‘पुढं कोलम दिसत नाही रे,’ तो म्हणाला. श्राद्धाच्या दिवशी दारात पिठाची रांगोळी, कोलम, घालत नाहीत, हे पाहून तो पुढच्या दारातून मागे वळला होता. तो आमच्या मराठीत बोलत होता, त्याच तमिळ हेलात. पुण्याहून आलेले पाहुणे आमच्या ज्या बोलीला हसतात, ती बोली दुसऱ्या कोणाला अशी उसनी आणता येत नाही. ‘श्राद्ध आहे की काय? कोण गेलं? बाई की पुरुष?’

‘पुरुष,’ मी म्हणालो, आणि त्याने रोखून धरलेला श्वास सोडला.

‘अण्णा नव्हे ना?’

‘अण्णा आत आहेत.’

‘मग कोण रे कण्णा, बाळ?’

मला पढवले होते तसेच मी म्हणालो. ‘भारद्वाज गोत्र, नागोजीरावांचे पुत्र गोविंदराव. माझे काका. रंगूनला होते.’

त्याने छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. ‘क्रिया कोणी केली?’

‘मी.’

‘तू?’ त्याने मला शेंडीपासून पायापर्यंत पाहिले. ‘नीट केलीस?’

‘सगळे मंत्र म्हटले.’

‘शाबास.’ मग बराच वेळ तो मागच्या दाराकडे पाहत राहिला. ‘आणि अंबुजा?’

‘आत आहे. सोवळ्यात.’

‘कुंकू?’

मी नकारार्थी मान हलवली. तो कोण हे मला कळले होते. चुकलो होतो ते एवढेच की तो जिवंत आहे हे मला कळले नाही. मला दिसत होता तो भाजलेला गाल. तो मी भाजला होता. पाने जळाली, डोके फुटले, मी मागे पाहिले, आणि वर्षभर चालून तो आता पोहोचला होता. त्याने पानावरचा पिंड उचलला. ‘म्हणजे हा माझा. मग कावळ्याला कशाला?’ असे म्हणून त्याने तो डाव्या हाताने तोंडात घातला आणि उभ्याउभ्या खाल्ला. तीळ घातलेला कोरडा भात त्याच्या घशात अडकला. तो खोकू लागला. खोकत खोकत त्याने हात पुढे केला. ‘पाणी. पाणी दे रे.’

विहीर दारापासून दहा पावलांवर होती. कठड्यावर भरलेली कळशी होती. प्रेताला तहान फार असते, ते पाणी मागते, आणि ज्याने दिले त्याचे बोट सोडत नाही, हे मला कमळाक्काने सांगितले होते. आज ती म्हणते की तिने असे काहीही सांगितले नाही. मी आत पळालो, दार लावले, अडसर घातला आणि पाठ दाराला लावून बसलो. पलीकडून खोकला ऐकू येत होता. माझ्या पाठीच्या कण्याला तो फळीतून लागत होता. मग तो थांबला. त्याला कोठे पाणी मिळाले म्हणून थांबला की तो निघून गेला म्हणून, की तिसऱ्याच कारणाने, हा प्रश्न मी गेली साठ वर्षे बरोबर घेऊन हिंडतो आहे.

‘कावळा शिवला?’ अण्णांनी विचारले.

‘शिवला.’

‘लगेच? वा! गोविंदा तृप्त झाला म्हणायचा,’ अण्णा म्हणाले, आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी डोळे पुसले.

वाद्यार दक्षिणा आणि दर्भ पिशवीत भरीत होते. मी विचारले, ‘जाळलेला माणूस परत आला तर काय करायचं?’ अण्णा दटावणार, तोच वाद्यार खुलून बसले. असला प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे कोणी विचारला नव्हता. ‘शास्त्र आहे की बाबा! त्याला तुपाच्या रांजणात बुडवून काढायचं, म्हणजे नवा जन्म. मग बारसं, मग मुंज, आणि मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न.’

‘अय्यो! रांजणभर तूप?’ अण्णा हसले. ‘रेशनमध्ये? त्यापेक्षा गोविंदा आहे तिथं बरा!’

सगळे हसले. कमळाक्काही हसली, ती त्या खोलीत होती. तेव्हा मला ताप होता तर तिने अंगाला हात लावून पाहायला हवे होते. स्वयंपाकघरात मात्र कढईत फिरणारा झारा थांबला, जसा पोस्टमन आल्यावर खवणीचा आवाज थांबे. मग पुन्हा फिरू लागला.

ताप आला तो संध्याकाळी. दोन दिवस मी मागच्या दाराकडे तोंड करून झोपण्याचा हट्ट धरला, म्हणजे ते उघडले तर आधी मला दिसेल. तिसऱ्या दिवशी दुपारी काकू मिऱ्याचे सार घातलेला मऊ भात घेऊन आली, आणि तिने पहिला घास पुढे केला तेव्हा तो भाताचा गोळा पाहून माझा बांध फुटला. मी सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. संपल्यावर तिने एकच विचारले. ‘कुठल्या हातानं खाल्ला?’

‘डाव्या.’

तिने वाटी खाली ठेवली. काकांच्या डावरेपणाबद्दल आमच्या घरात कधी कोणी बोलले नव्हते. आजोबा लहानपणी तो हात पंच्याने पाठीशी बांधून ठेवीत, हे मला पुढे, मी नोकरीला लागल्यावर, अम्माकडून कळले. मला ठाऊक नसलेली गोष्ट मला तापात कशी दिसली, याचे उत्तर कमळाक्काने फोनवर नव्हे, लेखी द्यावे.

‘पाणी दिलंस?’ काकूने विचारले.

‘नाही.’

मला वाटले ती मारील. तिने माझे तोंड पदराने पुसले. ‘काकू, अण्णांना सांगू?’

‘नको. सांगितलंस तर ते शोधतील, आणि शोधून काय करतील ते वाद्यारांनी सांगितलं.’ ती उठली. ‘बारा वर्षं मी दाराकडं बघितलं. एकदा जाळून झालं. आता मला पुन्हा नवरी करून बसवणार आहेत काय?’ हे ती रागाने म्हणाली. पण विहिरीकडे गेली, रहाट कुरकुरला, अडसर निघाल्याचा आवाज आला. पितळेचा लोटा भरून तिने मागच्या दाराबाहेर, पायरीवर, नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिच्या मरणापर्यंत एकही दिवस त्यात खंड पडला नाही. माझे सगळे वाढते वय त्या लोट्याला भिण्यात गेले. रोज उठल्यावर मी बोळीत पाहत असे, आणि लोटा नेहमी भरलेला असे. तो मधल्या वेळात कधी रिकामा झाला होता काय, हे मला ठाऊक नाही. काकू माझ्या आधी उठत असे.

काकांचे श्राद्ध मी आजतागायत करतो. आता तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी पिंड ठेवतो, पलीकडून उंचावरची आगगाडी जाते, कावळे ढिगाने येतात. आणि तरी पान खाली ठेवताना माझी मान आपोआप जिन्याकडे वळते. आमच्या घराण्याचा इतिहास म्हणजे शेवटी श्राद्धाचीच यादी. त्या यादीत ज्याचे नाव शिरले तो मेला, आणि हे नाव मी स्वतः मंत्रात उच्चारून शिरवले आहे.

कल्याणमंडपातल्या प्रसंगानंतर रघू लॅपटॉप घेऊन घरी आला. हे सारे ऐकून तो शांतपणे म्हणाला, ‘सेतूकाका, मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण प्रूफ काय? ज्यानं-त्यानं सांगितलेलं मी घालत गेलो तर पुस्तक कसं होणार?’ प्रश्न रास्त होता. एकोणिसावे पान छापताना तो त्याला पडला नाही, एवढेच.

‘पक्ष्यांचं कोणी सांगितलं तुला?’ मी विचारले.

‘कोणी सांगायला कशाला हवं? मी स्वतः पाहिलंय. लहान असताना सुट्टीत यायचो ना. एकदा खेळून आलो, तहान लागली, म्हणून त्यातलंच पाणी प्यायलो. अंबुआजी किती ओरडली! पुन्हा पाणी भरलं, टंबलर घासला, वर उपडा ठेवला—’

तो थांबला.

‘काय ठेवला?’

‘टंबलर. पेला.’

‘लोट्यावर उपडा पेला,’ मी म्हणालो. ‘पक्ष्यांसाठी?’

बाहेर आगगाडी येऊन गेली. रघूने लॅपटॉप उघडला, वृक्षातली ती चौकट शोधली आणि ‘तेथेच निधन’ हे शब्द पुसले. पक्ष्यांचे वाक्यही पुसले. मग बोटे तशीच कळांवर ठेवून बसला. ‘काय लिहू?’

‘लिही: तेरा वर्षांनी परत आले. घरात त्यांचंच श्राद्ध चाललं होतं. पाणी मागितलं. पुतण्यानं दिलं नाही.’

त्याने तेवढे लिहिले. मग माझ्याकडे न पाहता विचारले, ‘काका, पुतण्या म्हणजे कोण ते नको ना घालायला? सुम्मा, नुसतं पुतण्या म्हणून ठेवतो.’

‘नाव घाल,’ मी म्हणालो. ‘पूर्ण नाव. वडिलांचं, आजोबांचं. गोत्रासकट.’